राहून गेलेलं येवला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हरभऱ्याचे घाटे सोलणं. दुसऱ्या दिवशी भोगी होती. भोगीच्या भाजीत सोलाणे लागतातच, आणि इंदूला बाजारातले सोललेले चालत नसत. "पाणी मारून ठेवतात मेले," म्हणायची. म्हणून दुपारी गॅलरीत उन्हाला पेपर पसरून बसलो. तिची बोटं भराभर चालत. माझी जाड, छत्तीस वर्षं लेथवर लोखंड धरलेली. माझा एक घाटा होईतो तिचे चार व्हायचे. त्यात मी सोलता सोलता तोंडात टाकत होतो.

"भाजीला ठेवा थोडे," ती म्हणाली.

"भाजीत तरी कोण खाणार आहे? मीच ना?"

ती हसली. मग मान खाली ठेवूनच म्हणाली, "परवा संक्रांत. येवल्याला जायचं का? पतंग बघायला."

"पतंग बघायला येवल्याला कशाला? मान वर केली की इथंच दिसतात."

"तिथली गोष्ट वेगळी आहे म्हणे. सगळं गाव गच्चीवर असतं. बायासुद्धा उडवतात."

"अडीच तास एसटीत हाडं खिळखिळी करायची आणि जाऊन काय बघायचं, तर आभाळ. नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा घाटा उचलला.

भोगीच्या पहाटे तिच्या छातीत कळ आली. रिक्षात बसेपर्यंत ती बोलत होती. गॅस बंद केला का, एवढंच विचारत होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. सोलाणे फ्रिजमध्ये डब्यात तसेच राहिले. तेराव्यानंतर सुनेनं विचारलं, बाबा, याचं काय करू? मी म्हणालो, टाक. आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

यंदा थंडी उशिरा पडली, पण पडली ती चांगलीच. आमच्या नाशिकच्या सिडकोत सकाळी गॅलरीच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसल्यासारखं होतं. वर्षश्राद्ध तिथीनं आलं ते संक्रांतीच्या दहाएक दिवस आधी. मुलगा-सून पुण्याहून आले, सगळं नीट केलं, मला दोन दिवस "चला आमच्याकडे" म्हणाले आणि गेले. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या तारेवर एक पतंग येऊन अडकला. जांभळा, शेपटी फाटलेली. वारा आला की फडफडायचा. मी आत जाऊन बसलो तरी आवाज यायचा. चार दिवस तो पतंग काही मला सोडीना.

खरं सांगायचं तर पतंग निमित्त. गोष्ट दहाव्याच्या दिवशीची आहे.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते. समोर पत्र्यावर ओळीनं बसले होते. दुसऱ्यांच्या पिंडाला शिवत होते, आमच्याकडे ढुंकून बघत नव्हते. अशा वेळी काय करतात सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाची इच्छा काय राहिली असेल ते एकेकानं हात जोडून बोलायचं. मुलगा म्हणाला, आई, बाबांना मी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. तिचा भाऊ म्हणाला, इंदूताई, माझ्या पोरीच्या लग्नात तुझी साडी पहिली काढीन. कावळा हलला नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला माहीत होतं काय राहिलंय. पण तीस-चाळीस माणसं, भटजी, व्याही, फॅक्टरीतले जुने लोक, त्यांच्यासमोर म्हातारा म्हणणार काय, तर "इंदू, मी येवल्याला पतंग बघायला जाईन"? जीभ उचलली नाही. भटजी म्हणाले, उशीर होतोय. दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, झालं. सगळे जेवायला गेले.

कावळ्यावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण बोलायचं होतं आणि बोललो नाही, हे वर्षभर माझ्या पाठीवर बसून होतं.

आता तुम्ही म्हणाल, पतंगाचं एवढं काय. त्यासाठी ती एक थंडी सांगायला हवी. तिची शेवटची थंडी.

आमच्या अंबडच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारी. साऱ्या जगाला रविवार. पोरांची शाळा शनिवारी असायची आणि रविवारी मी मशीनवर. त्यामुळे आम्ही घर म्हणून कुठं गेलोच नाही. गेलो तर लग्नाला, नाहीतर मयताला. रिटायर झालो तर मुलानं पुण्याला नेलं, नातवाला सांभाळायला. तो शाळेत रमला आणि आम्ही मोकळे होऊन नाशिकला परत आलो. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. पहिल्याच शनिवारी सकाळी इंदूनं डबा भरला, चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. "आज सुट्टी ना तुमची?" म्हणाली. मला रिटायर होऊन अकरा वर्षं झाली होती.

त्या दिवशी सिन्नरला गेलो. तिनं कुठूनतरी ऐकलं होतं की तिथं दगडांचं संग्रहालय आहे. मी वाटभर कुरकुरलो. दगड बघायला सिन्नर कशाला, आपल्या गावाकडं दगडच आहेत. आत गेलो तर अंधार, आणि काचेमागं दिवे. एक दगड हिरव्या द्राक्षांच्या घडासारखा, एक कापसाच्या बोंडासारखा, एक थेट खडीसाखर. इंदू काचेला नाक लावून बघत होती. तिच्या श्वासानं काच धूसर व्हायची, ती पदरानं पुसायची, पुन्हा नाक लावायची. मी चौथी शिकलेलो, वाचायला वेळ लागतो. ती सातवी. त्यामुळे पाटी तिनं वाचायची आणि मी ऐकायचं, असं आपोआप ठरून गेलं. "अहो, हे आपल्याच डोंगरातले आहेत," ती म्हणाली. "वरून काळा फत्तर आणि पोटात हे."

मी तेव्हा काचेच्या कपाटाची बिजागरी बघत होतो. फार सुबक बसवली होती.

"बिजागरी काय बघताय?"

"कुणीतरी ती बसवलीय ना हातानं. तुझे दगड तर आपोआप झालेत."

पुढच्या कपाटापाशी गेल्यावर आधी बिजागरी बघितली तिनं. मी पाहिलं.

पुढच्या शनिवारी त्र्यंबक रस्त्यावर नाण्यांचं संग्रहालय बघायला गेलो तर नेमकं त्या दिवशी बंद. चौकशी करून जायची सवय आम्हा दोघांनाही नव्हती. समोर अंजनेरीचा डोंगर, उन्हात झोपल्यासारखा. झाडाखाली बसून बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी काढली. चौकीदार आला, उठवायला आला असं वाटलं. इंदूनं त्याच्या हातावर भाकरी ठेवली. मग तो बसला आणि आत काय काय आहे ते सांगत सुटला. कुठल्या राजाच्या नाण्यावर हत्ती, कुठल्या नाण्यावर बाई, कुठलं नाणं शेतात नांगराला लागलं. वर्षानुवर्षं लोकांना समजावून सांगताना ऐकून ऐकून त्याचं पाठ झालं होतं. एकही नाणं न बघता आम्ही सगळं संग्रहालय बघून आलो. परत येताना ती म्हणाली, "उघडं असतं तर एवढं कळलं नसतं."

चांदवडचा रंगमहाल बघितला. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघितले. तिथं एक साहेब हातभर लांबीचा कॅमेरा लावून बसले होते. कुणी बोललं की ओठावर बोट ठेवायचे. इंदूनं त्यांनाच विचारलं, "साहेब, हे पक्षी कुठले?"

"लांबून येतात. थंड मुलखातून," ते कुजबुजले.

"मग इथं येतात ते माहेरपणाला का नांदायला?"

साहेबांच्या पोटात हसू मावेना, कॅमेरा हलला, पाखरं उडाली. हजारभर पाखरं एकदम उडताना कसा आवाज होतो ते मला त्या दिवशी कळलं. मोठी सतरंजी झटकल्यासारखा. साहेब म्हणाले, "आजी, तुमच्यामुळे मला उडतानाचा फोटो मिळाला."

असे आठ-नऊ शनिवार. जास्त नाहीत. पण एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलत असेलही, मशीनच्या आवाजानं माझे कान बसलेले. तेव्हा मला वाटायचं, हिला हिंडायची हौस, मी सोबतीला. आता कळतं की एकट्यानं बघितलेलं माझ्या डोक्यात टिकतच नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून "ते बघा" म्हणावं लागतं. हे कळायला ती जावी लागली. मूर्खपणा, दुसरं काय.

तर संक्रांतीच्या सकाळी उठलो, आंघोळ केली, तारेवरच्या जांभळ्या पतंगाला म्हणालो, जातो बाबा. आणि येवल्याच्या बसमध्ये बसलो.

निफाडपर्यंत धुकं होतं. द्राक्षाच्या बागा धुक्यातून निघून पुन्हा धुक्यात जात होत्या. विंचूरच्या पुढं ऊन पडलं आणि कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. सगळ्या बसमध्ये कांद्याचा वास. मी खिडकीशी बसलो होतो आणि एकच विचार करत होतो. पाच मिनिटं आभाळ बघायचं, हात जोडायचे, पुढची बस धरायची.

येवल्यात उतरलो तर रस्त्यावर माणूस नाही. दुकानं बंद, गल्ल्या सुन्या, आणि डोक्यावर मात्र जत्रा. हलग्या, भोंगे, आरोळ्या, सगळं वरून येत होतं. जणू गाव एक मजला वर सरकलं होतं. आणि पतंग! मला वाटलं होतं शंभरेक असतील. मोजायचं सोडून दिलं. मी गल्लीच्या मधोमध मान वर करून उभा राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही.

"ओ बाबा! मान मोडंल! वर या!"

समोरच्या दुमजली घराच्या कठड्यावरून एक म्हातारी वाकली होती. माझ्याच वयाची, कानाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा गॉगल.

"मी इथला नाही," मी ओरडलो. "कुणाच्या ओळखीचा नाही."

"वर आल्यावर ओळख होईल ना! आज खाली कुत्रंबी राहत नाय. या, दार उघडंच हाय!"

खालच्या खोलीत पैठणीचा माग होता. त्याच्यावर पांढरं फडकं टाकलेलं. फडक्याच्या कडेतून विणत आणलेला पदर दिसत होता, अर्धा मोर. जिना चढताना मी त्या मोरावरून हात फिरवला नाही, पण मागाच्या लाकडावरून फिरवला. वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं होतं.

गच्चीवर म्हातारी आणि तिची सून. म्हातारीला सगळी गल्ली आक्का म्हणते. सुनेचं नाव वैशाली. साडी कमरेला खोचून, बोटांना चिकटपट्टी लावून वैशाली पतंग उडवत होती आणि आक्का मांजाची फिरकी धरून बसली होती. येवल्यात तिला आसारी म्हणतात. मधे लोखंडी कांब आणि भोवती बांबूच्या काड्यांचा पिंजरा, चांगला मांडीएवढा.

"आई, ढील द्या की!"

"देतेच हाय!"

"अहो अडकतंय! मागच्या वर्षीपण तुमच्यामुळंच गेला माझा!"

"माझ्यामुळं? तुला पतंग उडवता येत नाय अन् आसारी धरणारी वाईट!"

मी काही बोलणार नव्हतो. पाहुणा माणूस. पण आसारी फिरताना आवाज करत होती. खट, खट, खट. प्रत्येक फेऱ्याला एकदा. असा आवाज मला ऐकवत नाही.

"दोघींची चूक नाही," मी म्हणालो. "पिंजऱ्याची भोकं झिजलीत. कांबेवर सैल झालाय, मध्य सोडून फिरतोय. आणा इकडं."

कठड्यावर थंड पेयाचा रिकामा डबा पडला होता. कात्री मागितली, डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, कांबेभोवती गुंडाळून दोन्हीकडे ठासली. अंगठ्यानं आसारीला झटका दिला. फिरली. आवाज नाही. नुसती सुरसुर.

वैशालीनं ढील दिली तसा पतंग वर निघाला, वर निघाला, आणि तिरका येऊन शेजारच्या गच्चीवरच्या लाल पतंगाला आडवा गेला. तिचा हात दोनदा मागे गेला, बस. लाल पतंग गेला वाऱ्यावर. गेलाऽऽ! आमच्या गच्चीवर आक्का थाळी वाजवायला लागली. शेजारून एक जाड्या माणूस ओरडला, "आक्का, बाहेरून माणूस आणता का? हे चालणार नाय!"

"तू बायको आण आधी!" आक्कानं परत फेकलं. मग माझ्याकडे वळली. "कोण हो तुम्ही? देवानं धाडलं का?"

"देवानं नाही. अंबडनं."

त्या हसल्या. तिळगूळ दिला, पाणी दिलं. मग आक्कानं विचारायचं ते विचारलं. "एकटेच आलात? बाई नाय आणली?"

"मेली," मी म्हणालो. "मागच्या भोगीला."

वैशालीचा हात थांबला. आक्काचा थांबला नाही, ती ढील देत राहिली. "आमचा म्हातारा तीन वर्सं झाली," ती म्हणाली. "ही आसारी त्याचीच."

मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. घाटे, येवला, नाही म्हणालो ते, रामकुंड, कावळे. चाळीस माणसांसमोर जे बोललो नाही ते एका अनोळखी गच्चीवर बोललो, तेही भोंग्याच्या आवाजात, ओरडून.

आक्कानं शेवटपर्यंत ऐकलं. "आली असती तर मेली नसती का?"

"तसं नाही."

"मग? तुम्ही नाय म्हणला तवा ती काय म्हणली?"

"बरं म्हणाली. आणि सोलत बसली."

"भांडी आपटली?"

"नाही."

"रात्री जेवायला वाढलं?"

"वाढलं. लोणी जास्त घातलं भाकरीवर."

"मग ती रुसली नव्हती हो. तिला वाटलं असंल, पुढच्या वर्सी नेईल हा बाबा. आम्ही बाया असंच धरून चालतो. पुढच्या वर्सी." गॉगल वर करून तिनं डोळे पुसले. धूर नव्हता, काही नव्हतं. "अन् आणलंच की तिनं तुम्हाला."

"तुम्हाला काय माहीत आमची बाई?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"नाय माहीत. तुम्ही सांगितली तेवढीच."

ते खरं होतं. म्हातारी म्हणते ते बरोबर का चूक, कोण सांगणार? पण वर्षभरात पहिल्यांदा मला तो लोण्याचा गोळा आठवला होता. भाकरीच्या मधोमध, वितळत चाललेला. मी नुसता "बरं" धरून बसलो होतो.

"बाबा, धरा," वैशाली म्हणाली आणि मांजा माझ्या हातात दिला.

दहा वर्षांचा असेन तेव्हा शेवटचा धरला असेल. मांजा बोटाला चावला. वरून ओढ लागली, जिवंत असल्यासारखी. थरथर थेट कोपरापर्यंत. वर कुणी नव्हतं, वारा होता, हे मला कळतं. तरी मी दोर पटकन परत दिला नाही. शेजारच्या गच्चीवर दोन पोरी पतंग उडवत होत्या, त्यापलीकडे एक पोटुशी बाई, तिच्यापलीकडे आणखी कोणी. सगळ्या आभाळात बायकांचे हात.

"बघ," मी म्हणालो. "उडवतात खरंच."

"कुणाला म्हणता?" वैशालीनं विचारलं. आक्कानं तिला कोपर मारलं.

पाच मिनिटं थांबणार होतो तो ऊन उतरेपर्यंत थांबलो. गुळाची पोळी खाल्ली. निघताना आक्का म्हणाली, "तुमची ती पट्टी टिकंल का?"

"आज टिकेल. उद्या नाही. पितळेची बुशं घालावी लागतील दोन्ही टोकांना, बोटभर नळ्या असतात त्या."

"मग पुढच्या संक्रांतीला आणा."

"पुढच्या संक्रांतीचं काय घेऊन बसलात. आमचं वय बघा."

"तर उद्या आणा. उद्या कर हाय. शेवटचा दिवस, उद्याच खरा जोर असतो."

माप घ्यायला जवळ काही नव्हतं. कांबेभोवती दोऱ्याचा एक वेढा घेतला, बरोबर तिथं तोडला आणि खिशात ठेवला. घेरावरून जाडी काढायला बावीस-सात लागतात. शाळेत नाही शिकलो, पहिल्या फॅक्टरीतल्या उस्तादानं शिकवलं. बसमध्ये अंधार पडेपर्यंत बोटांवर तोच हिशेब करत होतो.

दुसऱ्या दिवशी कर. इंदू करीच्या दिवशी कुणाला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे आणि नवं काम तर मुळीच धरू देत नसे. मी सात वाजता दाराला कुलूप लावलं आणि अंबडला गेलो. माझ्याबरोबर कामाला असलेला निकम, त्याचा तिथं छोटा गाळा आहे. मला बघून त्याला वाटलं काही वाईट बातमी आणली. म्हणालो, पितळेचा गोल तुकडा दे आणि तुझा जुना लेथ सोड अर्धा तास.

"कशाला?"

"येवल्याच्या बाईची आसारी दुरुस्त करायचीय."

मग त्यानं तुकडा दिला. मी चष्मा पुसला, तुकडा लेथच्या चकमध्ये बांधला, मशीन चालू केलं. बारा वर्षांनी. पितळेचा पिवळा कीस हातावर उडाला, गरम. तो वास आला आणि माझे हात आपले आपणच जागेवर गेले. पण डोळे नाही गेले. भोक सैल झालं. केसभर, पण सैल.

निकमनं बुश उचलून उजेडात धरलं. "राहू दे रे म्हाताऱ्या," तो म्हणाला. "तिकडं नवीन मशीनवर दोन मिनिटांत काढून देतो."

"गप बस," मी म्हणालो. "दुसरा तुकडा दे."